धाकूच्या दुकानासमोर

नकाशे काढणाऱ्या प्लॉटरच्या लाल पेनाने कागदाला भोक पाडलं आणि वनमाला परब आनंदाने किंचाळली. कागद फाटला म्हणून आनंदाने ओरडणारी मुलगी शेजारच्या स्क्रूच्या कारखान्यातल्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. एकजण लेथ सोडून दारात डोकावलाही. चप्पल बाहेर काढल्याशिवाय या खोलीत यायचं नाही, अशी पाटी दारावर होती, म्हणून बिचारा उंबऱ्यावरच घुटमळला आणि परत गेला.

"सर! केरकर सर! इकडे या, लवकर या!"

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला हा एक गाळा. बाहेर पाटी 'नागरी आपत्ती अभ्यास केंद्र'. नाव भारदस्त, आत माणसं मोजकीच. पण आतल्या काचेच्या खोलीत एअरकंडिशनर होता, आणि तो माणसांसाठी नव्हता, संगणकासाठी होता. अठ्ठ्याऐंशी साल होतं. संगणकाला उकडतं आणि धूळ चालत नाही, हे तेव्हा घरातल्या बाळंतिणीइतकं सांभाळलं जाई. चंद्रप्रकाश केरकरांनी कुठून कुठून खटपट करून तो मिळवला होता आणि त्याच्यावर चालणाऱ्या करामतीचं 'भौगोलिक माहिती प्रणाली' असं नाव फळ्यावर लिहून ठेवलं होतं. ते उच्चारेपर्यंत चहा गार व्हायचा, म्हणून सगळे त्याला नुसतं यंत्र म्हणत.

यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. नकाशाचे वेगवेगळे थर भरायचे. एका थरात रस्ते, एकात घरंदुकानं, एकात पाण्याचे नळ, एकात डोंगराच्या उंचीच्या रेषा. त्यावर अग्निशमन दलाच्या नोंदीतला आगीचा एकेक कॉल टाकायचा, एका कॉलला एक लाल ठिपका. मग हवे ते थर एकावर एक चढवायचे आणि लाल ठिपके कशाच्या जवळ बसतात ते बघायचं. आग लागल्यावर विझवणारे पुष्कळ होते. ती का लागते, हे नकाशाला विचारायची कल्पना केरकरांची आणि ती डोक्यात घेऊन वेडी झालेली वनमाला.

आज घाटकोपरची पाळी होती. पश्चिमेच्या डोंगरावरची कातळवाडी, कोकणातून येऊन वसलेल्या लोकांची. तिथं वर्षभर आगीच आगी लागत होत्या. पेन नकाशावर इकडेतिकडे तुरळक ठिपके देत फिरलं आणि कातळवाडीच्या पायथ्याशी येऊन एकाच जागी ठोकत बसलं. टक, टक, टक. ठिपक्यावर ठिपका, त्यावर ठिपका. शेवटी कागदानेच हार खाल्ली.

"एकाच जागी, सर! सगळ्या आगी एकाच जागी!"

केरकर चष्मा पुसत आले. "तिथं काय आहे?"

वनमालाने घरादुकानांचा थर काढला, भोकावर ठेवला. "किराणा दुकान. धाकू तावडे. आणि सर, त्याच्याकडे रॉकेलचा परवाना आहे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग केरकर, पन्नाशीचे, पोट सुटलेले, एरवी मोठ्याने हसणंसुद्धा अपमानाचं समजणारे केरकर, चक्क टाळी द्यायला पुढे झाले. महिनोन् महिने लोक त्यांना हसले होते. हे खेळणं कशाला, असं वरून विचारलं जात होतं. आणि आज यंत्राने बोट ठेवून दाखवलं होतं. रॉकेलचं दुकान आणि आग! याहून सरळ काय असणार?

केरकरांनी त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात पत्रासह नकाशा पोचवला. तिथल्या साहेबांनाही तो फार आवडला. भोक असलेला नकाशा वाचायला सोपा असतो. गुरुवारी सकाळी दुकान हटवायचं, अशी नोटीस निघाली.

बुधवारी सकाळी वनमाला घाटकोपरला गेली ती कॅमेरा गळ्यात अडकवून. अहवालात दुकानाचा फोटो हवा होता. हटवण्याआधीचा. ती इतकी खुशीत होती की रिक्षावाल्यालासुद्धा तिने यंत्राबद्दल सांगितलं, आणि तो गडी अख्ख्या रस्त्यात "अच्छा, अच्छा" करत राहिला.

दुकान मात्र तिने मनात रंगवलं होतं तसं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून, निळा रंग दिलेल्या फळ्या. आत कांदे, बटाटे, कोकमाचं आगळ, सुकट. एका कोपऱ्यात रॉकेलचं पिंप, त्याच्या शेजारी वाळूच्या दोन बादल्या. आणि गल्ल्याजवळ, पेढ्याच्या डब्यासारखा काचेच्या पेटीत ठेवलेला, काळा टेलिफोन.

धाकू तावडे नोटीस हातात घेऊन बसला होता. गिरणीच्या संपात नोकरी गेल्यावर त्याने हे दुकान टाकलं होतं. पन्नाशीचा, काटकुळा, बनियनवर टॉवेल.

"फोटो कोणाचो काढतंस गो बाय?" त्याने विचारलं. "माझो काढूचो आसात तर थांब, शर्ट घालून येतंय."

"दुकानाचा काढतेय, काका."

"काढ, काढ. उद्या ऱ्हवता की नाय, देव जाणे." त्याने नोटीस तिच्यापुढे धरली. "तू शिकलेली दिसतंस. वाच बघू. माझ्या दुकानात आगी लागतत म्हणे. खंय लागली आग? माका तरी दाखवा!"

वनमालाने कागद वाचायचं सोंग केलं. त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता, निम्मे तिनेच केरकरांच्या पत्रासाठी सुचवले होते. "गाव कुठलं तुमचं?" तिने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"देवगड."

"माझंही," ती म्हणाली, आणि आपण हे सांगायला नको होतं असं तिला लगेच वाटलं. कारण धाकूचा चेहरा एकदम उजळला. त्याने तिच्यासाठी स्टूल पुसलं.

ती स्टुलावर टेकते न टेकते तोच डोंगराच्या पायऱ्यांवरून एक बाई ओरडत खाली आली. "धाकूभाऊ! आग! आमच्या वरच्या आळीत! शेवंतीचं घर!"

धाकूने नोटीस टाकली. काचेची पेटी उघडली, डायल फिरवली. त्याला आकडा शोधावा लागला नाही. "हॅलो, आग! कातळवाडी, घाटकोपर. धाकूच्या दुकानासमोर. होय होय, तांच दुकान. मी रस्त्यार उभो ऱ्हवतंय."

फोन ठेवून त्याने खुंटीवरचं लाल फडकं घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. गल्ल्यावर कुणी नाही, पिंप उघडं, दुकान वाऱ्यावर. वनमाला तोंड उघडं टाकून बघत होती. थोड्याच वेळात बंब घणघणत आला आणि फडकं बघून थांबला. पुढे पायऱ्याच होत्या, बंब जाणार कुठं? जवानांनी पाइप खांद्यावर घेतले, धाकू पुढे झाला आणि सगळी वरात पायऱ्या चढायला लागली. वनमालाही धावली. का धावली, ते तिलाही कळलं नाही. कॅमेरा छातीवर आपटत होता, साडीचा काठ पायात येत होता. आळी मागून आळी गेली, वळणं गेली, श्वास फुलला, तरी धाकूचं फडकं आपलं वरच.

घर अगदी माथ्याजवळ होतं. बायकांनी ओली पोती टाकून आग बरीचशी दाबलीच होती. जवानांनी उरलेली विझवली. पत्रा काळा पडला, भिंतीचं फळकूट गेलं, माणसं सुखरूप. शेवंती दारात उभी होती. तिच्या कडेवर कळशी होती, पाण्याने भरलेली, आणि ती खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

एका जवानाने घाम पुसत दुसऱ्याला विचारलं, "काय लिहायचं रे ठिकाण?"

"लिही की नेहमीचंच. धाकूच्या दुकानासमोर."

वनमालाने त्याच्या वहीत डोकावून पाहिलं.

तिने वळून खाली पाहिलं. डोंगराच्या तळाशी, खूप खाली, एक निळी फळी दिसत होती. एवढीशी. आग इथं लागली होती आणि तिचा ठिपका तिथं पडणार होता. आजचा पडणार होता, तसेच आधीचेही पडले होते. वरच्या आळ्यांना ना नंबर, ना नाव. कातळवाडीत फोन एकच. बंब थांबायची जागा एकच. म्हणून कुठंही पेटलं तरी सगळी वाडी एकच पत्ता सांगत होती, आणि तो वर्षभर ऐकून ऐकून बंबवालेही तोच लिहीत होते. ज्याने धावपळ करून प्रत्येक वेळी मदत बोलावली, त्याच्याच नावावर यंत्राने प्रत्येक आग चढवली होती. यंत्राने? छे! तिने. वनमाला परबने, टाळ्या पिटत.

"वाट लागली," ती मोठ्याने म्हणाली.

मग खऱ्या आगी कुठं लागल्या? रडायला वेळ नव्हता, उद्या गुरुवार होता. ती शेवंतीच्या घरामागच्या कातळावर चढली. तिथून अख्खी वाडी पायाखाली दिसत होती, सगळी छपरंच छपरं. गंजलेले, तांबूस, जुने पत्रे. आणि त्यांत मध्येच लखलखणारे कोरे पत्रे. इथं एक, तिथं एक, पलीकडे तीन ओळीने.

वनमालाने हाक मारली. "शेवंती! अगं ते नवीन पत्रे कुणाचे?"

"ते?" शेवंतीने वर बघत विचारलं. "ते जळालेलेच गं. तो शिमग्यातला, तो गणपतीतला. तिकडचा माझ्या जावेचा."

जळलेल्या घरावर नवा पत्रा! नकाशा डोंगराने स्वतःच काढून उन्हात वाळत टाकला होता. वनमालाने पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला, मांडीवर पसरला आणि भराभर खुणा करायला बसली. खुणा करता करता तिचा हात मंदावला. सगळे चकचकीत पत्रे डोंगराच्या वरच्या अंगाला होते. एका उंचीच्या खाली एकही नव्हता. कुणी दोरी ताणून वरचे आणि खालचे वेगळे केले असावेत तसे.

"तू आग लागली तेव्हा कुठं होतीस?" तिने विचारलं.

"कुठं असणार? नळावर. पाणी सकाळी येतं, तेही खालच्या आळीपर्यंतच चढतं. आम्ही वरच्या सगळ्या खाली जातो."

"आणि स्टोव्ह?"

शेवंती एकदम चिडली. "पेटता होता, मग? ह्यांचा डबा निघायचा असतो त्याच वेळेला. नंबर गेला की दिवसाचं पाणी गेलं. स्टोव्ह विझवायचा म्हणजे परत येऊन पिन मारा, हवा भरा, भडके बघा. तोवर डबा व्हायचा का? तू करून दाखव ना! खालच्यांचं बरंय, त्यांचा नळ दारात. एक डोळा नळावर, एक स्टोव्हवर."

वनमालाने तिला मिठीच मारली. शेवंतीला वाटलं, ही बाई धुराने खुळावली.

रिक्षा मरोळला पोचेपर्यंत वनमाला सीटच्या कडेवर बसून होती. काचेच्या खोलीत घुसताना चप्पल काढायचं ती विसरली, आणि ते पाहून केरकरांचे डोळे पांढरे झाले. तिने एका दमात सगळं सांगितलं. केरकर खुर्चीत खाली खाली जात राहिले.

"नोटीस गेलीय, वनमाला," ते शेवटी म्हणाले. "माझ्या सहीच्या पत्रावर गेलीय. आता मी काय सांगू? यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही चुकलं, सर. आपण त्याला फोनची जागा दिली आणि आगीची म्हणून विचारली. आता आगीची देऊन बघू या ना! चूक निघाली तर माझी नोकरी घ्या. खरं निघालं तर..." तिने ट्रेसिंग पेपर टेबलावर पसरला. "तो माणूस देवगडचा आहे, सर. तुमच्यामाझ्यामुळे उद्या त्याचं दुकान जाणार आहे."

केरकरांनी उठून स्वतःच्या हाताने प्लॉटरला कोरा कागद लावला.

वनमालाने पत्र्यांच्या खुणा एकेक करून भरल्या. मग उंचीच्या रेषांचा थर, मग नळांचा. प्लॉटर सुरू झाला. तपकिरी पेनाने डोंगर काढला, वळशावर वळसा. निळं पेन आलं. नळ सगळे खाली, पायथ्यापासून एका रेषेपर्यंत, त्या रेषेच्या वर एकही नाही. मग लाल पेन खाली उतरलं. केरकर आणि वनमाला दोघंही कागदावर वाकून उभे होते. पहिला ठिपका रेषेच्या वर. दुसरा वर. तिसरा वर. पेन डोंगराच्या माथ्यावर नाचत होतं आणि रेषेखाली पाऊल टाकायला तयार नव्हतं.

"पाणी!" केरकर ओरडले. इतके मोठ्याने की लेथवाला परत डोकावला. "अगं, आगीचं कारण पाणी आहे! कॉलच्या वेळा बघ, वेळा!"

वेळा होत्या यंत्रात, पहिल्यापासून होत्या. रॉकेलचं दुकान सापडल्यावर त्या बघायची गरज कुणाला वाटली नव्हती. बहुतेक सगळ्या सकाळच्या, नळाला पाणी यायच्या वेळेच्या. वनमाला आणि केरकर त्या काचेच्या खोलीत अक्षरशः नाचले, एक चपलेसकट आणि एक अनवाणी.

गुरुवारी सकाळी दोघं नकाशाची गुंडाळी घेऊन पोचले तेव्हा वॉर्डाचा ट्रक दुकानासमोर लागलेला होता. मजुरांनी फळ्यांना हात घातला होता. धाकूने कांद्याबटाट्याची पोती आधीच बाहेर आणून ठेवली होती, आणि त्यावर टेलिफोनची काचेची पेटी. वरच्या आळ्यांतली माणसं पायऱ्यांवर दाटीने उभी होती, गप्प.

"थांबा!" वनमाला ओरडली. "साहेब, थांबा जरा!"

वॉर्डाच्या साहेबांनी नवा नकाशा पाहिला, मग खिशातून घडी केलेला जुना काढला, भोकवाला. "हाही तुमचाच आणि तोही तुमचाच. मी कुठला खरा धरू?"

प्रश्न बिनतोड होता. केरकर चष्मा पुसू लागले. वनमालाने साहेबांचा हात धरला, हो, सरळ हातच धरला, आणि त्यांना दुकानासमोर उभं केलं.

"या भोकात बघा साहेब, किती आगी आहेत ते. आता हे दुकान बघा. एक फळी तरी काळी आहे का? हा निळा रंग बघा, पोपडा तरी उडालाय का? रॉकेलचं पिंप आहे आत. एवढ्या आगी इथं लागल्या असत्या तर तुम्हाला हटवायला काही उरलं असतं का?"

साहेबांनी फळीवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. काजळीचा डाग नाही, नुसती धूळ. मग त्यांनी मान वर करून डोंगराकडे पाहिलं. सकाळचं ऊन पडलं होतं आणि वर कोरे पत्रे चमकत होते. वनमालाने नवा नकाशा त्यांच्या डोळ्यांसमोर आडवा धरला. पत्र्याला ठिपका, ठिपक्याला पत्रा.

"पाणी या रेषेपर्यंतच चढतं?" साहेबांनी विचारलं, आणि पायऱ्यांवरून सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. शेवंतीचा आवाज त्यात सर्वांत वर होता. साहेबांनी दोन्ही हात वर केले. "कळलं! वर नळ द्यायला पंप लागेल. लिहितो मी. आजच लिहितो." त्यांनी मजुरांना फळ्या सोडायला सांगितलं. नोटिशीचे चार तुकडे करून ते ट्रकमध्ये जाऊन बसले. पायऱ्यांवर एकच कल्ला झाला.

आरडाओरडा थोडा शमल्यावर वनमाला धाकूजवळ गेली. तो पोत्यावर बसला होता, पेटी मांडीवर घेऊन.

"काका, ती नोटीस माझ्यामुळं आली होती. पहिला नकाशा मीच केला."

धाकूने तो भोकवाला नकाशा तिच्या हातातून घेतला. भोकातून पलीकडे बघितलं. "म्हणजे मी फोन केलंय म्हणान?"

"हो."

"आणि केलंय नसतंय तर?"

"तर तुमचं नावसुद्धा आलं नसतं." हे बोलताना तिला रडू आलं आणि तिने डोळे पुसलेही नाहीत.

तिला वाटलं, आता हा शिव्या घालेल, आणि घालाव्यातच. त्याने नवा नकाशा मागितला. डोंगर बघितला, नळ बघितले, शेवंतीचं घर कुठलं ते विचारून घेतलं. मग तो पायथ्याशी बोट फिरवू लागला.

"माझां दुकान खंय?"

"काढून टाकलं, काका. तुमचा आगीशी काही संबंधच नाही ना."

"काढलंस?" धाकू ताडकन उठला. नोटीस वाचतानाही तो इतका चिडला नव्हता. "कित्याक काढलंस? उद्या नवीन बंबवालो इलो आणि ह्यो कागद घेवन इलो, तर थांबतलो खंय? लोकांनी हाक खंयसून मारूची?"

वनमालाने पर्समधून हिरवं पेन काढलं, नकाशा कांद्याच्या पोत्यावर पसरला, आणि पायथ्याशी, रस्त्याला लागून, स्वतःच्या हाताने एक छोटा टेलिफोन काढला. चित्र काही बरं जमलं नाही. डायल वेडीवाकडी आली.

धाकूने ते निरखून पाहिलं आणि मान डोलावली. मग त्याने काचेची पेटी उचलली, आत नेली आणि गल्ल्याजवळ जागच्या जागी ठेवली.